व्याह्यांची दुनळी आणि माझं मत

मुलीच्या बापाला छळण्याचे जेवढे म्हणून प्रकार आपल्याकडे आहेत, ते सगळे बाजूला सारून आमच्या व्याह्यांनी एक नवाच प्रकार शोधून काढला आणि गेली पाच वर्षं ते तो माझ्यावर बिनदिक्कत चालवत आहेत. त्यांनी हुंडा मागितला नाही. मानपान मागितला नाही. लग्नात रुसून बसले नाहीत, की पंगतीत भाजी गार म्हणून ताट पुढे सारलं नाही. त्यांनी माझ्याकडे फक्त मत मागितलं, आणि तेही बंदुकीच्या काडतुसांबद्दल. ज्या माणसाने दिवाळीतली टिकलीसुद्धा तोंड फिरवून फोडली, घरात पडदे कुठल्या रंगाचे घ्यावेत याबद्दलही ज्याचं मत आजवर कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्याने ते दिलं नसतं, अशा माणसाला दर रविवारी ओट्यावर समोर बसवायचं आणि "पाव्हणं, खरं सांगा, डुकराला एलजी का एसजी?" असं विचारायचं, हा छळ नाही तर काय आहे?

मी मूळचा परभणीकडचा. हिंजवडीतल्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांना आणण्या-सोडण्याच्या गाड्यांचं वेळापत्रक सांभाळतो. म्हणजे दिवसभर फोनवर बोलणी खातो आणि "हो सर, पाठवतो" म्हणतो. हा माझा बोलण्याचा एकूण साठा. व्याही मुळशीतल्या भरे गावाच्या अंगाला राहतात. घर पिढीजात भातशेतीचं. थोडी जमीन विकली, रस्त्याकडेला खोल्या काढून कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिल्या, उरलेल्या खाचरांत इंद्रायणी लावतात. घरात त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या माजघरात खुंटीवर एक दुनळी बाराबोर बंदूक टांगलेली असे. वडिलांकडून आलेली, शेतसंरक्षणाच्या परवान्याची. रानडुकरं भातात शिरली की बार काढून त्यांना हुसकवायचं, एवढ्यासाठी सरकारने दिलेली. आता बार हवेत काढायचा तर काडतूस कुठलं आणि नळी कुठली, याने काय फरक पडतो? माझ्यासारख्या अडाण्याला पहिल्याच दिवशी पडलेला हा प्रश्न मी पाच वर्षं गिळून बसलो, कारण मी मुलीचा बाप. आणि दुसरं म्हणजे, त्या बंदुकीचा बार ऐकलेला माणूस मला अख्ख्या गावात भेटला नाही. विहीणबाई तर सरळच म्हणतात, "ह्यांची बंदूक म्हंजी नवरदेवाची कट्यार. मिरवायची आन खुंटीला लावायची. आवाज काय तो ह्यांच्या तोंडाचा."

पण बंदूक उडवणं आणि बंदुकीचं ठरवणं या आबांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली गोष्ट अगदीच गौण आहे. लग्नाच्या बैठकीला आम्ही त्यांच्या घरी गेलो त्या दिवशीची गोष्ट. देण्याघेण्याचं बोलणं सुरू व्हायचं होतं, चहा झाला होता, माझे मोठे मेव्हणे खाकरून सुरुवात करणार एवढ्यात आबांनी मला विचारलं, "तुमाला चोक म्हाईत हाय का?" मी नेहमीप्रमाणे हसलो. माझं हसणं हे त्यांनी 'नाही, पण जाणून घ्यायची फार इच्छा आहे' असं धरलं. उठले, अंगणात गेले, गोठा धुवायचा पाइप चालू केला. "ह्ये बगा. तोंड मोकळं. पाणी पसारतंय, लांब जात न्हाई. ही झाली साधी नळी." मग पाइपाच्या तोंडावर अंगठा अर्धा दाबला. "हा हाफ चोक. माझी उजवी नळी अशी हाय. पसारा कमी, पल्ला जास्त." सगळी बैठक ओट्यावर येऊन बघायला लागली. "आन आता अंगठा गच्च. ह्यो फुल चोक, डावी नळी," असं म्हणून त्यांनी पाइप फिरवला आणि अंगणाच्या पार टोकाला, मधेच फोन आला म्हणून जास्वंदीपाशी जाऊन बोलत उभ्या असलेल्या माझ्या मेव्हण्यांच्या चष्म्यावर पाण्याची सळई अशी नेमकी बसली की चष्मा शेणात. "बगितलं? छर्रे असंच गोळा ऱ्हात्यात," आबा समाधानाने म्हणाले. मेव्हणे ओल्या कपड्यांत परत येऊन बसले ते देण्याघेण्याचं विसरूनच गेले. माझ्या मुलीचं लग्न एका रुपयाचीही घासाघीस न होता ठरलं ते फुल चोकमुळे, हे मला मान्य करावं लागेल.

चोकचं तरी बरं, नळ्या दोनच. काडतुसांना मात्र अंत नाही. एलजी म्हणजे वाटाण्याएवढे मोजकेच छर्रे, एसजी त्याहून थोडे बारीक आणि थोडे जास्त, चार-पाच नंबर ज्वारीएवढे आणि मूठभर. आबांकडे यातल्या प्रत्येक जातीची काही काडतुसं आहेत, सगळी जुनी, कागदी कवचाची. मुळशीच्या पावसात कागद फुगतो आणि फुगलेलं काडतूस नळीत जात नाही. म्हणून उन्हाळ्यात विहीणबाई गच्चीवर पापड वाळत घालतात त्याच खाटेवर एका कडेला आबांची काडतुसं वाळत असतात, आणि पापड भरायच्या डब्यातच तीही जातात, कारण घरातला घट्ट झाकणाचा डबा तो एकच. एका रविवारी जेवताना विहीणबाईंनी डबा उघडून पापड काढला आणि त्यासोबत एसजीचं एक काडतूस माझ्या ताटात लोणच्याशेजारी येऊन पडलं. दुसऱ्या कुणी "अरेरे" म्हटलं असतं. आबा आनंदाने पुढे सरकले. "निघालंच हाय तर सांगा पाव्हणं. ह्ये उजव्या नळीत घालावं का डाव्या?" मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल ते." त्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा आली ती मी नंतर दर रविवारी पाहिली. वाढलेलं ताट पाहुण्याने न जेवता परत करावं, तशी.

त्यांचा खरा संताप मात्र निवडणुकांवर. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. लोकसभा झाली, विधानसभा झाली, इथली झाली, तिथली राहिली; बंदूक सारखी ठाण्याला माहेरवाशिणीसारखी जाऊन राहायची, आणि आबांचं ठाम म्हणणं असं की डुकरांना हे कळतं. एकदा ऐन पोटरीत, लोंब्या सुटायच्या बेतात आलेलं खाचर डुकरांनी लोळवलं आणि बंदूक ठाण्यात. आबा मला गाडीत बसवून तडक तिथे घेऊन गेले आणि हवालदारासमोर उभे राहून विचारलं, "सायेब, आचारसंहिता फकस्त मान्सालाच हाय व्हय? डुकरास्नी न्हाई?"

हवालदार सज्जन होता. म्हणाला, "काका, अर्ज द्या, वर पाठवतो."

"डुकरांचा अर्ज का माजा?"

मी मागे उभा राहून जमिनीकडे पाहत होतो. परतताना गाडीत ते धुमसत राहिले, "तुमी तरी एक शबुद बोलायचा. हापिसातलं मानूस तुमी." मला बोलायचं खूप होतं. मला म्हणायचं होतं की आबा, बंदूक घरी असती तरी तुम्ही उजवी की डावी ठरवेपर्यंत डुकरं खाचर संपवून मुळशीचं धरण ओलांडून गेली असती. पण मी म्हणालो, "ट्रॅफिक फार आहे."

मग त्यांच्या हातात मोबाइल आला आणि मोबाइलमध्ये अमेरिका आली. तिकडची माणसं झाडाच्या पानांसारखे कपडे घालून बुंध्याशी बसतात आणि टर्की नावाचा मोरापेक्षा जाड आणि कोंबड्यापेक्षा गर्विष्ठ पक्षी मारतात, हे आबांनी तासन्‌तास पाहिलं. इंग्रजी येत नाही म्हणून आवाज बंद करून पाहिलं; बंदुकीतलं त्या लोकांना काय कळतं, ते ऐकून करायचंय काय, असंही त्यांचं म्हणणं होतं. पाहता पाहता ते संतापाने लाल व्हायचे. "ह्ये बगा, ह्ये बगा! तोंडात पिपाणी धरून मादीचा आवाज काढतुया. बायकू बोलावतीया म्हणून बिचारं पिसारा फुलवून येतंय, आन ह्यो मुडदा त्याला टिपतुया. ह्याला शिकार म्हणत्यात व्हय?" दुसरा संताप छर्ऱ्यांवर. पडद्यावरची अक्षरं सुनेकडून वाचून घेतल्यावर कळलं, की तिकडे आता शिशापेक्षा जड धातूचे, नऊ नंबरचे, नाचणीच्या दाण्याएवढे छर्रे वापरतात. टर्कीच्या फक्त मानेवर-डोक्यावर नेम धरायचा, म्हणून घट्ट चोकमधून बारीक छर्ऱ्यांचा दाट झोत सोडायचा. आबांनी हे मान्य करायला तीन रविवार घेतले. शेवटी म्हणाले, "जड धातू आसंल तर नऊ. पर आपलं शिसं धरलं तर टर्कीला पाच नंबर, डावी नळी. बास. आपल्याला न्हाई नाचणी मारायची." पण सगळ्यात जिव्हारी लागलं ते त्या लोकांचं चोक बदलणं. नळीच्या तोंडाला आटे असतात आणि त्यात हवा तो चोक फिरवून बसवता येतो, हे पाहून त्यांनी मोबाइल मांडीवर उलटा ठेवला. "टोपण फिरवावं तसा चोक बदलत्यात पाव्हणं. आन आमी जन्मभर दोन नळ्यांवर संसार केला."

योग असा की त्यांच्या खाचरांना लागून असलेलं फार्महाऊस घेणाऱ्या पुण्याच्या गृहस्थाने हौसेने टर्की पाळल्या. त्यातला एक नर कुंपणात राहीना. रोज सकाळी उठून आबांच्या नाचणीत यायचा आणि पोटभर खाऊन त्यांच्याच बांधावर पिसारा फुलवून उभा राहायचा. गृहस्थ म्हणाले, "काका, वैतागलोय मी. उडवा त्याला. अर्धा तुमचा." पक्षी पाळलेला, मालकाची परवानगी, पिकाची नासाडी समोर. सगळ्या मुळशी तालुक्यात टर्कीच्या शिकारीवर अधिकारवाणीने बोलणारा एकमेव माणूस, आणि टर्की चालत त्याच्या दारी आलेला! आबांनी लगोलग मला फोन केला. "पाव्हणं, रविवारी दिस उगवायच्या आत या. साक्षीला मानूस पायजे."

मी गेलो, पण माझ्या डोक्यात वेगळंच होतं. मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. पंधरवड्यात बाळाला घेऊन सासरी जायची होती. आणि मला रोज डोळ्यांपुढे ती खुंटी दिसत होती. लेकरू रांगेल, उभं राहील, हात वर करील. ती बंदूक त्या घरातून हलावी, एवढंच मला हवं होतं. पाच वर्षं डाव्या-उजव्या नळीवर तोंड न उघडणाऱ्याने आता तोंड कसं उघडावं, हे कळत नव्हतं.

झाडाच्या पानांसारखे कपडे इथे कुठून मिळणार? आबांनी विहीणबाईंच्या दोन जुन्या हिरव्या साड्या काढल्या. एक स्वतः गुंडाळली, एक मला दिली. तर उजाडताना, मुलीच्या सासरच्या बांधाआड, विहिणीची साडी डोक्यावरून घेऊन, मी उकिडवा बसलो होतो. हलायचं नाही, खोकायचं नाही. टर्कीचा डोळा लई तेज. आणि तो आला. निळं डोकं, गळ्याखाली लोंबणारी लाल झालर, मागे पंख्यासारखा पिसारा, वरातीत मिरवावं तसं एकेक पाऊल टाकत. आबांनी बंदूक हळूच खांद्याला लावली. मी डोळे मिटून घेतले.

"मान दिसतीया?" ते कुजबुजले.

"दिसतेय," मी मिटल्या डोळ्यांनीच म्हणालो.

"डावी नळी. पाच नंबर. न्हाई चुकत." बार मात्र झाला नाही. मग एक निःश्वास. "बसला."

मी डोळे उघडले. टर्की जागच्या जागी गोल फिरत होता. आबांनी बंदूक खाली घेऊन, काडतूस भरायला मोडतात तशी मधोमध मोडली होती, आणि दोन्ही नळ्यांतून पलीकडची नाचणी दिसत होती.

"आबा, काडतूस?"

"घरी. पापडाच्या डब्यात."

"मग?"

"मग काय मग? बसला म्हणलं न्हवं? बसतुया ह्ये कळल्यावर मारायचं कशापायी?"

त्या क्षणी माझ्यातलं काहीतरी सुटलं. पहाटेची झोप मोडून, साडी नेसून, गुडघ्यांची वाट लावून मी यासाठी बसलो होतो? पाच वर्षांचे सगळे एलजी-एसजी एकदम घशाशी आले आणि मी चक्क ओरडलो, "आबा, ही बंदूक आता घरात नको! बाळ येणार आहे घरात! तुमची सूनच म्हणते तसं!"

टर्की फडफडत कुंपणापलीकडे गेला. आबांनी बंदूक मांडीवर आडवी ठेवली.

"सून म्हनती?"

"हो."

ते खोटं होतं. मुलगी मला एवढंच म्हणाली होती, "बाबा, आबांना सांगा, तेवढी काडतुसं पापडाच्या डब्यात नका ठेवू, वरच्या फळीवर कुलपात ठेवा. बाकी आबा जपून असतात." आणि ते होतेच. पाच वर्षांत मी ती बंदूक एकदाही भरलेली पाहिली नव्हती. भीती माझी होती, आणि ती माझ्या नावाने सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून मी लेकीचं नाव पुढे केलं. आयुष्यात एकदा तोंड उघडलं, तेही दुसऱ्याच्या तोंडाने.

आबा उठले. साडीची घडी केली, माझ्याही अंगावरची काढून घेतली आणि आम्ही घरी गेलो. त्याच आठवड्यात निवडणूक जाहीर झाली आणि बंदूक ठाण्यात गेली. या वेळी त्यांनी हवालदाराला काही विचारलं नाही. निकाल लागले, गुलाल उडाला, गावातल्या बाकीच्या परवानेवाल्यांनी आपापल्या बंदुका परत आणल्या. आबा गेले नाहीत. बाळ घरी आलं. मी रविवारी जायचो, चहा प्यायचो. ते भातावर बोलायचे, भाडेकरूंवर बोलायचे, रस्त्यावरच्या कंपनीच्या गाड्यांवर बोलायचे, पण मला काही विचारायचे नाहीत. खुंटी मोकळी होती. एवढं मनासारखं झाल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. मला चीड यायला लागली. यांनी भांडावं, निदान मला चार शब्द ऐकवावेत, की एकदा तरी विचारावं, "पाव्हणं, एलजी का एसजी?" मी "तुम्ही म्हणाल ते" सुद्धा म्हणायला तयार होतो.

गेल्या रविवारी मात्र गाडी लावतानाच विहीणबाईंचा आवाज आला, "सकाळधरनं ह्येच चाललंय ह्या मान्साचं!" अंगणात गोठ्याच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलेलं. समोर आबा, हातात बाळाची दुधाची बाटली, शेजारी खाटेवर तीन-चार रबरी बोंडं एका ओळीत मांडलेली. मुलगी नोकरीवर परत रुजू झाली होती, बाळाला वरचं दूध सुरू केलं होतं, आणि पिताना त्याला ठसका लागत होता. आबा पिरंगुटला जाऊन दुकानात मिळतील तेवढी बोंडं घेऊन आले होते. एकेक बोंड बाटलीवर फिरवून बसवायचं, वर्तमानपत्रावर पिचकारी मारायची, आणि ओला डाग किती पसरला ते वाकून बघायचं.

"या पाव्हणं. ह्ये बारीक भोकाचं, फुल चोक. पोरगं दमून जातंय, पोट भरत न्हाई. ह्ये मोठं, साधी नळी. त्यानंच ठसका लागत हुता. आन ह्ये मधलं." त्यांनी बाटलीची कड बोटाने फिरवून दाखवली. "आटे हायेत. बदलता येतंय. अमेरिकेवानी."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आबा, त्या दिवशी सून तसं म्हणाली नव्हती. मीच म्हणालो होतो."

"ठाव हाय," त्यांनी वर्तमानपत्रावरून नजर न काढता सांगितलं. "त्याच सांच्याला फोन लावला हुता तिला."

"मग बंदूक का नाही आणली परत?"

आता मात्र ते माझ्याकडे वळले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच चिडलेले दिसले. "पाच वर्सं इचारतुया तुमाला, पाच वर्सं! येक मत म्हणून दिलं न्हाई. कवा न्हाई ते येक दिलं, तेबी मोडायचं व्हय आमी?"

विहीणबाईंच्या मांडीवरून बाळ आमच्याकडे बघत होतं.

"आता बोला," आबा म्हणाले. "बारीक का मधलं?"

मी चष्मा पुसला, भिंतीजवळ गेलो, ओले डाग वाकून नीट पाहिले. मग म्हणालो, "मधलं. हाफ चोक."

"हाफ?" आबा उसळले. "येवढ्याश्या पोराला हाफ? तुमाला काय कळतंय वो त्यातलं!" असं म्हणत त्यांनी मधलं बोंडच उचललं, धोतराच्या सोग्याला पुसलं, "उकळून घ्या ते आधी!" असं विहीणबाई ओरडेपर्यंत एक डोळा मिटून उजेडाकडे धरलं, नळी बघायचे तसं. त्या इवल्याशा भोकातून पलीकडे काय दिसत होतं कुणास ठाऊक, पण बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही.